जी चोच मारते तिची अंडी

बायको अंडं उन्हात धरायची. एक डोळा मिटायची, मूठ पोकळ करून तिच्यातून बघायची, कुठं तडा नाही ना, शिळं नाही ना. मग ठरवायची, हे खायचं की बसवायचं. बसवायचं म्हणजे खुडूक झालेल्या कोंबडीखाली ठेवायचं. कोंबडी खुडूक झाली की अंडी घालणं बंद करते, अंग फुगवते आणि खाली दगड ठेवला तरी त्याच्यावर बसून राहते. तीन आठवडे जागची हलत नाही, दिवसातून एकदा उठून चार दाणे टिपते तेवढंच.

बसवायच्या अंड्यावर बायको चुलीतल्या कोळशानं रेघ ओढायची. रेघेच्या अंड्याला हात लावायचा नाही, असा घरात कायदा होता. मी एकदा लावला. पहिल्या पाळीवरून आलो होतो, भूक लागली होती, ती पाण्याला गेली होती. दोन अंडी फोडली, पोळी करून खाल्ली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी म्हणाली, "कुणाचं अंडं खाल्लं ते तरी म्हाईत हाय का?"

"कोंबडीचं."

"कोणत्या कोंबडीचं?"

मला काय माहीत. मला सगळ्या कोंबड्या सारख्याच दिसायच्या.

आम्ही तेव्हा नाशकात पेठ रोडला राहायचो, वस्ती संपते तिथं. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला काटेरी तारेचं कुंपण. मी सातपूरला एका कंपनीत हेल्पर होतो. माल चढवायचा, उतरवायचा. आम्ही दोघंही डोंगराकडचे, पण मी लहानपणीच शहरात आलो, ती लग्न झाल्यावर आली. तिच्या आईनं लग्नात भांडीकुंडी दिली नाहीत, ऐपत नव्हती. एक काबरी कोंबडी दिली. काळ्यावर पांढरे-तांबूस ठिपके, पाय पिवळे. ती कोंबडी टोपलीत घालून बायको एसटीनं सासरी आली. नव्वद साल उजाडलं तेव्हा त्याच कोंबडीच्या पणत्या आणि खापरपणत्या आमच्या अंगणात उकरत होत्या.

निवडायची तिची रीत एकच होती. जी चोच मारते तिची अंडी. कोंबडी बसलेली असताना तिच्या पोटाखाली हात घालायचा. जी गप्प बसते तिची अंडी आपण खायची. जी हाताला चोच मारते, फुत्कारते, रक्त काढते, तिच्या अंड्यांवर रेघ. मी म्हणायचो, "अगं, उलटं आहे तुझं. गरीब कोंबडी पाळावी."

"जी हाताला मारते ती मांजरालाबी मारते. गरीब कोंबडीची पिल्लं मुंगूस खातं."

तिच्या मनगटापासून बोटांपर्यंत बारीक बारीक खुणा होत्या. मी चिडवायचो, या घरात चोच मारणाऱ्या लय झाल्या, एक तर माझ्या चुलीजवळच बसते. ती म्हणायची, "मग? गरीब बायको केली असती तर तुमाला कवाच मुंगसानं नेलं असतं." एकच मुलगी झाली आम्हाला. तीही तसलीच निघाली.

पिल्लं दहा दिवसांची झाली की बायको डालगं उचलायची. डालगं म्हणजे बांबूची मोठी टोपली, पिल्लं झाकायची. तोवर पिल्लं आईबरोबर त्याच्याखाली. उचललं की सगळी अंगणभर. वर घार फिरत असायची, पेठ रोडला तेव्हा घारी खूप. मी ओरडायचो, "घार हाय वर! झाक ती!"

"असू दे. तिलाबी प्वाट हाय."

"अगं पण पिल्लं नेईल!"

"अर्धी मी निवडते, अर्धी ती निवडंल."

घार पांढरं पिल्लू आधी न्यायची, हे मीही बघितलं होतं. मातीत पांढरं लांबून दिसतं. काबरं पिल्लू जागेवर बसलं की माती आणि ते एकच. काही पिल्लं आईची हाक आली की जीव घेऊन पंखाखाली पळायची, काही बावळटासारखी दाणे टिपत राहायची. बावळट राहायची नाहीत. दर उन्हाळ्याला असं व्हायचं. मी म्हणायचो ही बाई खुळी आहे, आपल्या हातानं घारीला जेवायला वाढते.

तिची एक मैत्रीण होती, एकाच पाड्यावर दोघी वाढलेल्या. तिला पेठच्या पुढं एका पाड्यावर दिली होती. बायकोनं तिला एक कोंबडी आणि एक कोंबडा अर्धलीनं दिला. आमच्याकडं तशी पद्धत आहे. कोंबडी माझी, दाणापाणी तुझं, पिल्लं निम्मी निम्मी. बायको वर्षातून एकदा तिच्याकडं जायची, नागलीचं पीठ घेऊन यायची, पण पिल्लं काही आणायची नाही. मी म्हणायचो, "तुझी अर्धली बुडाली."

"बुडंल कशी? वाढतीय तिकडं."

"मग आण की."

"असू दे तिकडंच. सगळं बियाणं एका घरात ठेवू नये."

तेव्हा मी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. कंपनीत तेव्हा कपात चालू होती, माझ्या डोक्यात तेच.

पुढं दोन-चार वर्षांत ती आजारी पडली. आधी खोकला, मग अंगावर सूज, मग दवाखान्याच्या चकरा. मुलगी तेव्हा कॉलेजला हॉस्टेलवर होती. शेवटच्या आठवड्यात घरी आणली. बोलायला दम लागायचा. एकदा दुपारी मला जवळ बोलावलं. मला वाटलं मुलीच्या लग्नाचं काही सांगेल. म्हणाली, "कोपऱ्यातल्या पाटीत सात अंडी हायेत रेघेची. कोंबडी खुडूक हाय. बसवा."

मी हो म्हणालो. आणि विसरलो. दोन दिवसांनी ती गेली. मग पाहुणे, रडारड, स्वयंपाक, पंगती. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, घरात वास कसला येतोय? शोधलं तर कोपऱ्यातल्या पाटीत सात अंडी. उन्हानं एक फुटलं होतं. मी ती पाटी तशीच उचलली, नाल्यापलीकडं नेऊन ओतली. माझी बहीण म्हणाली, सुतकात असं होतं, मनाला लावून घेऊ नको. मी लावून घेतलं नाही असं सगळ्यांना वाटलं.

मग मी आणि कोंबड्या उरलो.

खरं सांगतो, मला भात आणि अंडं याशिवाय काही शिजवता येत नव्हतं. सकाळी अंडं-भात, संध्याकाळी अंडं-भात. कोंबडी खुडूक झाली की अंडी बंद, म्हणजे माझं जेवण बंद. त्यावर उपाय सगळ्यांना ठाऊक असतो. खुडूक कोंबडीला गार पाण्याच्या बादलीत बुडवायचं, मान तेवढी वर ठेवायची. वरून ओलं पोतं टाकून ठेवायचं. दोन-तीन दिवस असं केलं की तिच्या अंगातली ऊब उतरते, ती बसणं विसरते आणि परत अंडी घालायला लागते. मी एकेकीला बुडवायचो. त्या ओरडायच्या, माझ्याकडं बघायच्या, मी बुडवायचो. बायको असती तर तिनं मलाच बुडवलं असतं.

वर्षाला एखादी कोंबडी मात्र बसवावी लागायची, नाहीतर कोंबड्याच संपल्या असत्या. तिच्याखाली मी अंडी कुणाची ठेवायचो? जी सगळ्यात जास्त घालते तिची. सरळ हिशोब. पुढं एका पोल्ट्रीवाल्याकडून उंच लाल कोंबडा आणला, सुधारित. पिल्लं मोठी व्हायला लागली, अंडी मोठी झाली. शेजारी म्हणायचे, बायको गेल्यावर म्हाताऱ्याच्या कोंबड्या सुधारल्या. मलाही बरं वाटायचं.

सहा-सात वर्षं गेली. मी कंपनीतून सुटलो. मुलगी येवल्याला शाळेत विज्ञान शिकवायला लागली, तिथंच तिचं घर झालं. आणि एका उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं, की अंगणात अकरा कोंबड्या आहेत आणि एकही खुडूक होत नाही. वाट बघितली. पावसाळा आला, गेला. एकही बसेना. अंडी घालायच्या, उठायच्या, चालायला लागायच्या, मागं वळूनसुद्धा बघायच्या नाहीत. मला वाटलं पाण्यात काहीतरी असेल. मग वाटलं, शेजारी मोबाईलचा टॉवर उभा राहिलाय त्याचं असेल.

त्या थंडीत मुलगी म्हणाली, बाबा, घरात बसून काय करता, चला तुम्हाला पक्षी दाखवते. नांदूर मधमेश्वरला घेऊन गेली. धरणाचं पाणी पसरलेलं, पाणी कसलं, निम्मा चिखल आणि गवत, आणि त्यात पक्षीच पक्षी. मला त्यातले दोन-चारच ठाऊक. बगळे, बदकं, खंड्या. तिनं शेकाट्या दाखवला, काडीसारखे लाल पाय. मग एक मोठा पांढरा पक्षी दाखवला, त्याची चोच पुढं चपटी, थेट भात वाढायच्या उलथण्यासारखी. पाण्यात चोच घालून डावीकडं उजवीकडं झाडू मारल्यासारखा फिरत होता.

"ह्याला चमच्या म्हणतात," ती म्हणाली.

"ह्याला चमचा दिला कुणी?"

"कुणी नाही दिला, बाबा."

"मग काय बाजारातून आणला?"

ती हसली. शाळेत पोरांना सांगते तसं सांगायला लागली. म्हणाली, एका आईची पिल्लंसुद्धा अगदी सारखी नसतात. कुणाची चोच जरा लांब, कुणाची जरा चपटी, कुणाचे पाय उंच. जिथं राहायचं तिथं जे कामाला येतं त्याला पोटभर मिळतं, ते जगतं, त्याला पिल्लं होतात, आणि पिल्लं आईबापावर जातात. मग त्या पिल्लांतही परत तेच. असं लाखो वर्षं. एकाचे दोन प्रकार होतात, दोनाचे दहा. एक चिखलात गेला, एक झाडावर गेला, शेवटी कुणी ओळखणार नाही की यांची पणजी एक होती.

"लाखो वर्षं निवडायला बसलंय कोण?"

"कुणी बसलेलं नाही, तेच तर सांगतेय. भूक निवडते. थंडी निवडते. घार निवडते."

घार म्हटल्यावर मी पाण्याकडं बघणं सोडलं. तिला म्हणालो, तुझी आई हेच म्हणायची. अर्धी मी निवडते, अर्धी ती निवडंल. मुलगी माझ्याकडं वळली. तिला हे माहीत नव्हतं. मग म्हणाली, "आई शाळेत गेली असती ना, तर मला नोकरी मिळाली नसती. माझ्या जागेवर तीच असती."

जरा वेळानं मी कोंबड्यांचं सांगितलं, की बसत नाहीत, टॉवरमुळं असेल.

"खुडूक झाल्या की तुम्ही काय करत होता?"

"बादलीत बुडवत होतो."

"आणि बसवायला अंडी कुणाची ठेवत होता?"

"जी जास्त घालते तिची."

"जास्त कोण घालते? जी कमी वेळा खुडूक होते ती." ती माझ्याकडं बघत राहिली. "बाबा, म्हणजे न बसणाऱ्यांचीच अंडी निवडत आलात. वर तो पोल्ट्रीचा कोंबडा. त्याच्या आज्यापणज्या मशीनमधून निघालेल्या, त्यांनी बसणं कधी बघितलंच नाही. टॉवर काय करणार? घार तुम्हीच झालात की."

ती गमतीनं म्हणाली. नाशिकपर्यंत एसटीत मी खिडकीशी बसून होतो. वडाच्या पारंब्या मोजाव्या तशी वर्षं मोजत होतो. सात वर्षांत किती कोंबड्या बुडवल्या असतील मी. तिनं तीस वर्षं निवडून निवडून जे जमवलं होतं ते मी अंड्याच्या पोळीसाठी धुऊन टाकलं.

पण एक कोंबडी होती. बायकोनं जाण्याआधीच्या उन्हाळ्यात शेवटची अंडी बसवली होती, त्यातली एक काबरी अजून जिवंत होती. म्हातारी झाली होती, पायाचे खवले जाड झाले होते. हिला मी सगळ्यात जास्त वेळा बुडवलं होतं, कारण हीच सगळ्यात जास्त वेळा खुडूक व्हायची. मी ठरवलं, आता ही बसली की बसू द्यायची. हिचीच अंडी हिच्याखाली. बादली मी थेट भंगारवाल्याला दिली.

फाल्गुनात तिनं अंडी घालायला सुरुवात केली. एक दिवसाआड एक. पाच झाली. मी रोज सकाळी तिच्या पोटाखाली हात घालून बघायचो, अंग गरम लागतंय का. पाचवं घातल्यावर ती जरा फुगायला लागली होती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी खुराड्याच्या मागं तिची पिसं. मुंगूस. बाकीच्या दहाजणी बाजूला दाणे टिपत होत्या.

पाच अंडी हातात राहिली. अंडी बसवायची तर दहा-बारा दिवसांच्या आत बसवायला लागतात, पुढं ती जिवंत राहत नाहीत. पहिल्या अंड्याला बारा दिवस होत आले होते. मी आमच्या रस्त्यावर घरोघरी विचारलं, कुणाकडं खुडूक कोंबडी आहे का? ज्यांच्याकडं पूर्वी कोंबड्या होत्या त्यांच्याकडं आता मोटारसायकली होत्या. पोल्ट्रीवाल्याकडं गेलो, त्याच्याकडं अंडी उबवायचं मशीन आहे. तो म्हणाला, "आजोबा, आम्ही एका वेळेला हजारांनी लावतो. पाच अंड्यांसाठी कप्पा उघडत नाही. द्या इकडं, बुर्जी करू."

मग मला मैत्रीण आठवली. बायकोची.

तीन खणांचा डबा होता माझा, कंपनीचा. त्यात भाताचा कोंडा भरला, खणात दोन, दोन आणि एक अशी अंडी निजवली आणि पेठची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, "बाबा, डबा वर ठेवा."

"नाय. मांडीवरच राहू दे."

"सोनं हाय का काय?"

"अंडी हायेत."

"मग घाट चढेपर्यंत ऑम्लेट व्हईल."

सगळी गाडी हसली. सावळ घाटात प्रत्येक वळणाला मी डबा दोन्ही हातांनी उचलून धरत होतो, धक्का अंगावर घेत होतो. मुलगी पोटात असताना बायकोला याच रस्त्यानं माहेरी नेली होती. तेव्हा मी खिडकीला डोकं टेकून झोपलो होतो.

पेठच्या पुढं फाट्यावर उतरलो. तिथून पाऊण तास चाललो. मैत्रीण दारात नागली पाखडत बसली होती. केस सगळे पांढरे. मला बघून सूप खाली ठेवलं, पण उठली नाही.

"आता आलात, दाजी?"

मी चपला काढल्या.

"ती गेली तवा निरोप बी नाय. मला दोन महिन्यांनी बाजारात कळलं. भाजीवालीकडून."

"गडबडीत राहिलं."

"सात वर्षं गडबड?"

तिचं बरोबर होतं. मी उंबऱ्यावर बसलो आणि डबा पुढं केला. सगळं सांगितलं, बादलीचं पण. तिनं एकेक अंडं उचललं, मूठ पोकळ करून उन्हात बघितलं. अगदी तसंच. मला दुसरीकडं बघावं लागलं.

"आई काबरी, ते झालं. बाप कोण यांचा?"

बापाचा मी विचारच केला नव्हता. लाल कोंबडा अंगणात होता ना, दुसरा कोण असणार.

"लाल. पोल्ट्रीचा."

तिनं कपाळावर हात मारला. "अवो दाजी! अर्धी तर तुमी आधीच घालवलीत. पोल्ट्रीचं पोरगं मांडीवर घेऊन घाट चढलात!"

आणि हसायला लागली. तोंडाला पदर लावून हसली, मग त्याच पदरानं डोळे पुसले. मीही हसलो. बरेच दिवसांनी.

तिच्या कोंबड्या दाखवायला ती मला घरामागं घेऊन गेली. मी वाट बघत होतो काबऱ्या कोंबड्यांची. तीस वर्षं डोळ्यांपुढं होते तेच ठिपके, तेच पिवळे पाय. तिथं एकही काबरी नव्हती. सगळ्या बारक्या, सडसडीत, काळपट तपकिरी, पाय मातकट. आमची चाहूल लागली तशा फडफडून आंब्यावर गेल्या. कोंबड्या, आणि झाडावर. कावळ्यांसारख्या.

"ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

"कुणाच्या म्हंजे? तिच्याच. अर्धलीच्या."

"तिच्या काबऱ्या होत्या."

"व्हत्या. इथं आल्या तवा काबऱ्याच व्हत्या. इथं रानमांजर हाय, कोल्हं हाय, मुंगूस तर दारात. ज्या खाली खुराड्यात निजल्या त्या गेल्या. ज्या झाडावर चढल्या त्या ऱ्हायल्या. मोठी आणि जड वर चढू शकत नाय, ती बी गेली. पानाखाली, सावलीत ठिपक्याचं पिल्लू दिसतं, काळं दिसत नाय. मी काय निवडलं नाय. जे ऱ्हायलं ते ऱ्हायलं."

चमच्या पक्षी आणि शेकाट्या आठवले मला. पंधरा वर्षांत एकाच कोंबडीची लेकरं, एक नाशकात, एक डोंगरात, आणि आता एकमेकींना ओळख देणार नाहीत अशी. मुलगी लाखो वर्षं म्हणाली होती. ही काही नवी जात झाली नव्हती, दोन्ही कोंबड्याच. पण मला मात्र वाटलं, तिचं काहीच उरलं नाही. इकडचं मी बुडवलं आणि तिकडचं डोंगरानं बदलून टाकलं.

पडवीत एका पाटीत एक खुडूक कोंबडी बसली होती, काळपट, जेमतेम माझ्या दोन मुठींएवढी. मैत्रीण म्हणाली, "कालच बसलीय. हिच्याखाली ठेवा तुमची अंडी. चार तिची हायेत, पाच तुमची, नऊ व्हतील. ठेवा, मी कशाला हात लावू, तुमचीच हायेत."

मी एक अंडं घेऊन तिच्या पोटाखाली हात सरकवला. कोंबडीनं मान मागं घेतली आणि अंगठ्याच्या मुळात अशी चोच हाणली की अंडं हातातून सुटायचं राहिलं. परत हाणली. फुत्कारली. रक्त आलं.

मी हात तसाच ठेवला.

"काढा की हात, दाजी."

मी काढला नाही. ती मारत होती आणि मी बघत होतो. रंग गेला होता, ठिपके गेले होते, पाय बदलले होते. हे राहिलं होतं. ती एवढी वर्षं हेच निवडत होती, आणि इथं रानमांजरानंही हेच निवडलं. एकेक करून मी पाचही अंडी ठेवली. मैत्रिणीनं पाटीत एक लोखंडी खिळा टाकला, विजेनं अंडी बाधू नयेत म्हणून. बायकोही टाकायची. हात धुवायला तिनं पाणी दिलं, हळद दिली, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी दिली. निघताना म्हणाली, "एकवीस दिवसांनी या. आणि आता तरी या."

मी बाविसाव्या दिवशी गेलो. तिची चारही फुटली होती. माझ्या पाचातली दोन. तीन गार पडली होती, कदाचित शिळी झाली असतील, कदाचित घाटात हलली असतील. दोघांतलं एक पिवळट पांढरं होतं, लांब पायांचं, बापावर गेलेलं. दुसरं काबरं. ठिपके बारीक होते, पण होते.

मैत्रिणीनं ती खुडूक कोंबडी, तिची सगळी पिल्लं आणि एक तरणा काळपट कोंबडा, असं सगळं एका डालग्यात घालून फडक्यानं बांधलं. मी म्हणालो, एवढं नको. ती म्हणाली, "अर्धली हाय तिची. माझ्याकडं अजून लय हायेत. उचला."

घरी आल्यावर पहिलं काम लाल कोंबड्याचं केलं. खाल्ला. चांगला लागला, खोटं कशाला बोलू. डोंगरातली कोंबडी माझ्या खुराड्यात कधी शिरली नाही. दिवस कलला की पिल्लांना घेऊन सांदीत बसायची, आणि ती मोठी झाल्यावर सरळ शेवग्यावर. बायकोही लग्नानंतर वर्षभर आत झोपली नव्हती, ओट्यावर पथारी टाकायची. पत्र्याखाली जीव घुसमटतो म्हणायची.

पिल्लं दहा दिवसांची झाली तेव्हा मी अंगणात डालग्याची कड धरून उभा राहिलो. वर बघितलं. घार होतीच. मी मोठ्यानं म्हणालो, "घार हाय वर." कोण उत्तर देणार. शेजारीण तारेपलीकडून बघून आत गेली. मला वाटलं झाकूनच ठेवावीत, निदान ते काबरं एक. मुलीला फोन करून विचारावं. मग वाटलं, जिला विचारायचं ती सांगून गेलीय.

डालगं उचललं. कोंबडी आधी माझ्या पायाला चोच मारून बाहेर पडली, मग पिल्लं.

पांढरट पिल्लू चौथ्या दिवशी गेलं. मी तिथंच होतो. सावली आली, आईनं हाक दिली, सगळी पळाली, ते टिपत राहिलं. आणखी एक काळं गेलं. काबरं राहिलं. कोंबडीच निघाली ती, जरा उंच, पण पाय पिवळे.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं अंडी घातली, आणि एका सकाळी उठलीच नाही. पाटीत फुगून बसलेली. बापाचं रक्त होतं तिच्यात, म्हणून मला खात्री नव्हती. एक दिवस थांबलो. दुसऱ्या दिवशीही बसलेली. तिसऱ्या दिवशी पोटाखाली हात घातला.

हाताला फडकं बांधलं आणि कोळसा शोधायला लागलो. चूल कधीच गेली होती, घरात गॅस. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "किती देऊ?"

"एक तुकडा."

"एका तुकड्यात काय इस्त्री करणार, आजोबा?"

मी तुकडा खिशात टाकला. घरी येऊन अंडी उन्हात धरली, एक डोळा मिटला. कुठं तडा नव्हता. प्रत्येकावर रेघ ओढली, हाताला फडकं होतं म्हणून वाकड्या आल्या. कोंबडीला पुढं-मागं सरकवून एकेक अंडं खाली घातलं, तिनं दरवेळी मारलं. शेवटी खिळा टाकला.

सात होती. बसवली.